अठराचं ॲव्हरेज

गाडी गावाबाहेर पडली की आबा उजवा हात खिडकीबाहेर काढायचे. वळायचं असायचं म्हणून नव्हे. आधी तळवा वाऱ्यासमोर उभा धरायचे, मग हळूच आडवा करायचे, पुन्हा उभा. मागचा मोटारसायकलवाला गोंधळायचा, एखादा शिवी हासडून पुढं जायचा. आबांना त्याचं काही नसायचं.

"हुबा धरला की ढकलतोय बघ. आडवा केला की जाऊ देतोय," ते सांगायचे. "वाऱ्याबरं भांडायचं न्हाय. त्याला वाट द्यायची."

हे बहुतेक मलाच ऐकावं लागायचं. मला गाडी लागते, म्हणून पुढची जागा माझी.

आमच्या घरात तोवर सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. आजोबांपर्यंत मेंढरं होती. पुढं जिकडंतिकडं ऊस झाला, चरायला रान उरलं नाही, कळप विकावा लागला. वडील दुसऱ्याच्या गोठ्यावर धारा काढायला जायचे, आई खुरपायला. बारावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा घरात आनंद झाला तो एक दिवस, मग सगळी काळजीच. बारामतीला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला खरा, पण सकाळच्या प्रॅक्टिकलला पोचवणारी एसटी आमच्या अंथुर्ण्यात येईपर्यंत गच्च भरलेली असायची. हात केला तरी थांबायची नाही. वडील म्हणाले, "आबांची गाडी हाय तवर जा. गाडी बंद, कालेज बंद." ते रागानं म्हणाले नव्हते. होतं ते सांगितलं.

आबांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं. वालचंदनगरच्या कारखान्यात लेथवर त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि अंथुर्ण्याच्या पोरी बारामतीला कॉलेजात न्यायला सुरुवात केली. आम्ही सहाजणी होतो. असली माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना वस्तू नुसती वापरता येत नाही, ती उघडून बघावी लागते. आबांच्या घरातला पंखा, शिलाई मशीन, नानींचा मिक्सर, सगळं एकदा तरी उघडून झालेलं होतं. नानी म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणायच्या, "ह्यांच्या हातनं मी तेवढी सुटले."

मी दुसऱ्या वर्षाला होते. गणपती उठले त्या आठवड्यात एका सकाळी आबांनी गाडी सुरू करायच्या आधी मागं वळून सांगितलं, "पोरींनो, लिटरला चौदा देतीया. एवढ्यात भागत न्हाय. अठरा आली तर चालू ठिवतो. दिवाळीपातुर बघू, न्हायतर भाजीवाला गिऱ्हाईक दारात हाय."

आमच्यातली सुवर्णा म्हणाली, "आबा, भाडं वाढवा की थोडं."

"भाडं वाढवलं की पयली पोरगीच घरी बसती," आबा म्हणाले आणि किल्ली फिरवली.

त्या दिवसापासून त्यांच्या अंगणात व्हॅनचं बाळंतपण सुरू झालं. पहिल्यांदा टपावरचा कॅरिअर उतरला. मग मागचं सपाट दार त्यांच्या डोळ्यात खुपायला लागलं. त्यांचं म्हणणं, वारा पुढून कापला जातो पण मागं भोवरा होतो आणि तो गाडीला धरून ओढतो. हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं. पावसात मागच्या काचेवर चिखल कसा बसतो ते बघून काढलं होतं. मी पुस्तकात तेच वाचत होते आणि मला ते चिखलात कधी दिसलं नव्हतं.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी बांबूच्या कामट्यांचा निमुळता सांगाडा केला आणि त्यावर फ्लेक्स ताणून बसवला. फ्लेक्स कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा होता. त्यामुळं आमच्या गाडीच्या मागं अर्धा चष्मा, एक कान आणि 'हार्दिक शु' एवढं दिसायचं. चौकात लोक विचारायचे, "आबा, गाडीला शेपूट फुटलं काय?" आबा म्हणायचे, "फुटलं. तुला कवा फुटतंय बघू."

नानी ओट्यावरनं बघत असायच्या. "गाडीला एवढं जपतोय ह्यो माणूस. माझं गुडघं दुखत्यात, त्येंचं ॲव्हरेज कोण बघणार?"

"तुजं इंजान चांगलं हाय," आबा गाडीखालनं म्हणायचे. "नुसता आवाज मोठा हाय."

ॲव्हरेज मोजायची त्यांची एक रीत होती. दुधाच्या लिटरच्या मापानं पेट्रोल मोजून प्लास्टिकच्या बाटलीत भरायचं, बाटली पुढच्या दांडीला टांगायची, टाकीची नळी काढून बाटलीची जोडायची. बाटली संपून गाडी बंद पडली की मीटर वाचायचा. आज माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं तर मीच त्याचा कान धरीन. ते दुधाचं माप नानींनी नंतर घरात घेतलं नाही, हे सांगायला नको.

बाटली आत असताना पोरी न्यायच्या नाहीत, हा त्यांचा नियम. पण वजन तर रोजचं पाहिजे. म्हणून त्यांनी आमची वजनं विचारली आणि पेंडीच्या रिकाम्या पोत्यांत तेवढी वाळू भरून प्रत्येक पोत्यावर खडूनं नाव घातलं. आठवड्याभरात त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं. "पोती बसली की चाकाच्या वर चार बोटं ऱ्हात्यात. तुमी बसला की तीनच. खोटं कोण बोललं?"

खरं म्हणजे सगळ्याच बोललो होतो. शेवटी सुवर्णा म्हणाली, "आबा, वजन डब्यासकट सांगायचं होतं का बिनडब्याचं?"

दुसऱ्या दिवशी अंगणात सातवं पोतं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'डबे'.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडीची परीक्षा ठरली. "तू फिजिक्सची ना? मग तूच चल," आबा मला म्हणाले. जवळचं बघायला त्यांना चष्मा लागायचा आणि गाडी चालवताना ते तो घालायचे नाहीत, म्हणून मीटर वाचायला मी, नियम तेवढ्यापुरता मोडून. मागं बाकीच्या पाच पोरी आणि सगळ्यांचे डबे वाळूच्या रूपानं बसलेले; माझं पोतं अंगणातच राहिलं. आम्ही वेशीपासून निघालो. जंक्शन गेलं, लासुर्णे गेलं. आबा हातानं वारा बघत होते आणि मी बाटली. पेट्रोल खाली खाली जात होतं. एका मोठ्या कडुलिंबाजवळ गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली.

"वाच," आबा म्हणाले.

सोळा किलोमीटर आणि एक ठिपका, म्हणजे शंभर मीटर, झाला होता. मला घरातला चुलीचा कोपरा दिसला, तिथं माझी पुस्तकं असायची. मी म्हणाले, "अठरा."

आबांनी कडुलिंबाकडं बघितलं. मग माझ्याकडं. "शिकल्यालं माणूस सांगतंय म्हंजी आसंल," ते म्हणाले आणि नळी जोडायला खाली उतरले.

गाडी विकली गेली नाही. दिवाळीनंतर पहिल्या सकाळी आबा म्हणाले, "उद्यापासनं अर्धा तास आधी निघायचं. गाडी चाळीसच्या वर न्यायची न्हाय." पोरींनी कुरकुर केली. थंडीचे दिवस, अंधारात उठायचं, आणि सायकलवालासुद्धा बरोबरीनं गप्पा मारत येईल अशी ती चाल. मी कुरकुर केली नाही. मला वाटलं, आपण सुटलो.

त्याच दिवसांत त्यांनी तेलाचे डबे कापून, ठोकून सपाट केले आणि गाडीच्या पोटाला पत्रा मारला, खालचा वारा अडखळू नये म्हणून. काम असं सफाईदार की लेथवरच्या माणसाचंच. पण ऊसतोड सुरू झाली होती. आमच्याकडं त्या दिवसांत रस्त्यावर डांबरापेक्षा उसाचं वाळलेलं पाचटच जास्त असतं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतनं सांडलेलं. ते पत्र्याच्या फटीतनं आत जाऊन सायलेन्सरपाशी साचत राहिलं. आयुष्य उसाच्या मुलखात गेलेल्या माणसाला ते सुचलं नाही. त्यांना फक्त वारा दिसत होता.

सणसरच्या अलीकडं करपल्याचा वास आला. "उतरा. दप्तरं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. आम्ही उतरून शेताच्या बांधावर गेलो. ते गाडीखाली शिरले आणि हातानंच जळतं पाचट ओढून बाहेर टाकू लागले. एका ट्रॅक्टरवाल्यानं पाण्याचा कॅन आणून ओतला. आबा बाहेर आले तेव्हा उजव्या हाताचा तळवा सोललेला होता.

त्या दिवशी आम्ही कॉलेजला उशिरा पोचलो, पण पोचलो. नानींनी संध्याकाळी दारातच विचारलं, "आता तरी पुरं का?"

"सायलेन्सरखाली पत्रा नगं हुता," आबा म्हणाले. "माजी चूक."

मी तिथंच उभी होते. चूक कुणाची ते मला माहीत होतं; मी अठरा म्हणाले नसते तर गाडी रस्त्यावरच नसती. मी दप्तर उचललं आणि घरी आले.

पुढचे काही दिवस खिडकीबाहेर पट्टी बांधलेला हात दिसायचा. उभा, आडवा, उभा. पट्टीचं टोक वाऱ्यावर फडफडायचं. सायलेन्सरखालचा पत्रा निघाला, उरलेल्याला बारीक जाळी बसली. टायरमधली हवा ते रोज सकाळी बघायचे. जुनी सीट काढून हलक्या फळ्यांची केली. तिच्यावर नानींच्या हातची वाकळ. संक्रांत झाल्यावर ते म्हणाले, "रविवारी येतीस का? परत एक डाव मोजू."

"कशाला आबा? अठरा आलीय की."

"तरी पर."

सहा पोती, बाटली, वेस. चाळीसच्या चालीनं कडुलिंब आला आणि मागं गेला. आबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. बाटलीत अजून दोन बोटं पेट्रोल होतं. पुढं कालव्याचा पूल लागला, आणि बरोबर पुलावर गाडीनं आचका दिला.

"वाच."

मी वाचलं. अठरा आणि चार ठिपके. खरे. "अठरा" म्हणाले आणि तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या वेळेला अठरा कडुलिंबापाशी झाले होते, आज पुलावर.

आबा समोर कालव्याच्या पाण्याकडं बघत होते. "दिवाळीतबी अठरा, आजबी अठरा," ते म्हणाले. "रस्ता लांबला वाटतं."

मी रडायला लागले. आबा उतरले, नळी जोडली, फडक्याला हात पुसत आले. जळलेल्या तळव्यावर नवी गुलाबी कातडी आली होती.

"तू बोलून बसलीस," ते म्हणाले. "मग आणायला नगं?"

त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. पदवीचे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक पेढा खाल्ला, एक व्हॅनच्या डॅशबोर्डवर ठेवला. माफी मागायची ती तेव्हा मागायला हवी होती. वाटलं, आबा काय, आहेतच की.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. मी परीक्षेच्या ड्युटीवर होते, फोन बंद होता. तिसऱ्या दिवशी मी तिथं गेले तेव्हा अंगणात व्हॅन उभी असायची तिथं फक्त तेलाचा काळा डाग होता. गाडी आधीच इंदापूरच्या गॅरेजवाल्यानं सुट्या भागांसाठी नेली होती. मागच्या बाजूला जळणाच्या ढिगावर फ्लेक्स अंथरलेला, उन्हानं रंग उडालेला. 'हार्दिक शु' एवढं अजून वाचता येत होतं. नानी म्हणाल्या, "पावसात सरपान कोरडं ऱ्हातं त्येच्याखाली. ह्यांचं काय वाया जात न्हाय."

आता मी बारामतीत ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आठवड्यातनं एकदा माझ्या स्वतःच्या गाडीनं अंथुर्ण्याला जाते, आईवडिलांकडं. रस्ता रुंद झालाय, कडुलिंब राहिला नाही. परतताना वेशीवर मीटर शून्यावर आणते. सोळाच्या पुढं जरा गेलं की मान आपोआप बाजूला वळते, तिथं आता काही नाही. मग मी गाडी चाळीसवर घेते, एसी बंद करते आणि उजवा हात बाहेर काढते. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. वारा तळव्यावर ढकलतो. आडवा केला की जाऊ देतो. शेजारची जागा रिकामी असते.

पूल अठरा किलोमीटर चारशे मीटरवर आहे. मी अनेकदा मोजलंय. आबांची व्हॅन एका लिटरमध्ये तिथवर गेली, आणि तिच्यात बसणाऱ्या आम्ही सहाही जणी पदवीधर झालो.