एकाच सीटची गाडी

आमच्या ओळखीत अख्खी गाडी कुणीच बनवत नाही, जो तो तिचा एखादा तुकडा बनवतो. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात पत्र्याचे ब्रॅकेट काढतो, एक मित्र प्लॅस्टिकचे साचे सांभाळतो आणि दुसरा पेंट शॉपमध्ये आहे. रविवारी सकाळी औरंगपुऱ्यातल्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं भेटायचो आणि आपापले तुकडे जोडून, बाजारात अजून न आलेली गाडी उभी करायचो.

यंदा मला या उद्योगात जरा जास्तच रस होता. कॉलेजपासून मला रेसवाली बाइक हवी होती आणि लग्नानंतर पहिल्यांदाच बायको हो म्हणाली होती. "दिवाळीपर्यंत घ्या. नंतर हा विषय घरात नको," एवढंच तिचं म्हणणं. ती हो का म्हणाली, हे विचारायचं मला सुचलं नाही. मिळालेली परवानगी उलटसुलट करून पाहणारा नवरा मी तरी पाहिलेला नाही.

शोरूममध्ये एक चांगली गाडी उभी होती. मी तिच्यावर बसूनही आलो. तेवढ्यात आमच्याकडे एका नव्या ब्रॅकेटचा सॅम्पल लॉट निघाला. ड्रॉइंगवर गाडीचं नाव नसतं, नुसता नंबर असतो; पण ब्रॅकेट आखूड होता आणि वर वळलेला. म्हणजे फूटरेस्टचाच. म्हणजे पाय मागं आणि उंच, म्हणजे छाती टाकीवर, म्हणजे अस्सल रेसची गाडी. साचेवाल्याकडे निमुळत्या काचेचा साचा आला होता, पेंटवाल्याकडे मिरचीसारखा लाल रंग. एवढे पुरावे जुळल्यावर शंका घेणं म्हणजे आमच्या अनुभवाचा अपमान होता.

"अरे, वो शोरूमवाली नक्को ले," पेंटवाला म्हणाला. "पूरी रेस की मशीन आ रही."

"मागची सीटच नसणार," साचेवाला म्हणाला. "लई वजन वाचतंय त्यानं."

मला ते फारच आवडलं. मागं सीट नाही म्हणजे कुणाला स्टेशनवर सोडणं नाही. घरी येऊन ही बातमी मी मोठ्या हौसेनं सांगितली. बायको पोळ्या लाटत होती.

"एकच सीट?" तिनं विचारलं.

"रेसच्या गाडीला एकच असते," मी म्हणालो. ती पुढची पोळी लाटायला लागली. तांत्रिक गोष्ट आहे, डोक्यावरून गेली असेल, असं मी धरून चाललो.

दसऱ्याच्या सुमारास गाडी बाजारात आली. लाल होती, पुढं निमुळती काचही होती. ती घरोघर सामान पोचवणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची स्कूटर निघाली आणि माझा ब्रॅकेट तिच्या मागच्या डब्याखाली होता. सीट मात्र खरंच एक होती.

शोरूमकडे धावलो, तर तिथली गाडी विकली गेली होती आणि पुढची दिवाळीनंतर येणार होती. मी बायकोकडे थोडी मुदत मागितली. ती नको म्हणाली. मी चिडलो.

"मग आधी हो म्हणालीसच कशाला?"

ती धुतलेले कपडे कपाटात लावत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हैसमाळच्या डोंगरावर जायचं होतं. तुमच्या मागं बसून. लग्न झाल्यापासून आपण दोघंच असं कुठं गेलोच नाय."

"मग तेव्हाच सांगायचं ना."

"तुम्ही एका सीटवर लई खूश दिसला. मग मी कशाला बोलू?"