टाकीची एकादशी

नगरा या हिंदी मुलखातल्या वस्तीत, आमच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी आम्ही चार मराठी बायका जमलो की हंड्यांबरोबर किस्सेही भरतात. फक्त या टाकीचा किस्सा सांगताना हसता हसता घशाला कोरड पडते.

ही फिल्टरची टाकी बसवायला रिचा नावाची इंजिनियर मुलगी आली होती. म्हणाली, "आपके बोरिंग के पानी में नाइट्रेट ज़्यादा है. इस टंकी के जीवाणु उसे खा जाएँगे."

शेजारच्या कुसुमकाकू दचकून मागे सरकल्या. "अगं, फिल्टर जंतू काढायला असतो की पाळायला?"

जंतू टाकीतच राहतात, पाणी पुढे शुद्ध होऊन नळाला येतं, असं रिचाने समजावलं. तरी काकूंनी आठवडाभर नळाला हात लावला नाही!

माझा नातू तेव्हा तीन महिन्यांचा, पाण्यात कालवलेल्या डब्याच्या दुधावर. नाइट्रेटने तान्ही मुलं निळी पडतात, हे ऐकून मी अभिमानाने म्हटलं, "मैं तो पानी दो बार उबालती हूँ!"

रिचा हळूच म्हणाली, "आंटी, उबालने से पानी उड़ता है, नाइट्रेट नहीं. वो और गाढ़ा हो जाता है."

तेव्हापासून मी सारखी बाळाचे ओठ बघायची. सून म्हणायची, "मम्मीजी, नज़र लग जाएगी!"

थंडीत काकूंनी टाकीला जुनी गोधडी गुंडाळली. आम्ही हसलो. रिचा मात्र म्हणाली, "अच्छा किया, ठंड में वो सुस्त पड़ जाते हैं." झालं! काकू जंतूंना 'आमची पोरं' म्हणू लागल्या.

नाइट्रेट खायची ताकद यायला या पोरांना रोज गुळाचं पाणी लागतं, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. एका सकाळी तपासायची पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली, तर गडद गुलाबी! म्हणजे नाइट्रेट.

"काल पाळी कोणाची?"

"माझी," काकू म्हणाल्या. "पण काल एकादशी ना! घरात कुणी जेवलं नाही, मग त्यांना कसं वाढणार?"

कुणी हसलं नाही. त्याच पाण्यातली बाळाची बाटली तासाभरापूर्वीच पिऊन झाली होती.

मी धावत घरी आले. बाळ गाढ झोपलेलं. खिडकीशी नेलं, पण ओठांचा रंगच कळेना.

"मम्मीजी, नीले हैं क्या? बोलिए ना!"

मुलगा ऑटो आणायला पळाला. काकू उंबऱ्याबाहेर थिजल्या होत्या. एकदम आत आल्या आणि बाळाच्या तळपायाला चिमटा काढला! बाळाने टाहो फोडला.

"काकी, ये क्या किया!" सून किंचाळली.

काकू त्याच्या तोंडाकडेच बघत होत्या.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "लाल झालाय बघ. लाल!"