दामूचा नॉर्मल रिपोर्ट

“मॅडम, आता तुमीच सांगा याना. मी सांगून दमले. बोटीवर जायाचा नाय म्हंजे नाय!”

हिराबाईंनी नवऱ्याचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आपटला आणि खुर्चीत बसल्या. नवरा, म्हणजे महादेव, मागे उभा. तोंड असं केलेलं, जणू मी आता त्याला फाशीच देणार आहे. त्याच्या शेजारी धाकटा भाऊ दामू. तो मात्र मजेत होता.

मी अलिबागला फिजिशियन आहे. म्हणजे ताप, शुगर, बीपी, छाती हे सगळं बघते, फक्त कापाकापी करत नाही. थळची ही मंडळी माझी जुनी पेशंट. दोघा भावांत एक बोट. महादेव तिचा तांडेल, म्हणजे कप्तान. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आली होती, नारळी पौर्णिमा तोंडावर होती, आणि गावात नेमकं त्याच वेळी तपासणीचं शिबीर झालं. सगळ्या खलाशांचं रक्त घेतलं. महादेवचं टोटल कोलेस्टेरॉल आलं २२२, आणि त्याच्यापुढे जाड ठशात छापलं होतं ‘High’.

झालं! हिराबाईंनी घर डोक्यावर घेतलं. त्या दिवसापासून महादेवचे मासे बंद. बांगडा बंद, तारली बंद, कारण कालवणावर तेल दिसतं. त्याऐवजी सकाळी चहाबरोबर खारी आणि संध्याकाळी बटर लावलेले टोस्ट. आणि मोठा निकाल म्हणजे, यंदा बोट दामू घेऊन जाणार, महादेव घरी बसणार.

“अहो, कोळ्याच्या घरात मासे बंद?” मी म्हटलं. “आणि खारी कशात करतात माहीत आहे का? वनस्पती तुपात! बांगड्याचं तेल हृदयाला चांगलं असतं. त्या खारीपेक्षा त्याला दोन बांगडे घाला.”

महादेवच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. “बघ, बोललो व्हतो ना?”

“गप बसा. मॅडमना रिपोट तर वाचूंदे.”

मी वाचला. पूर्ण वाचला. लोक पहिली ओळ वाचतात आणि घाबरतात, नाहीतर पहिली ओळ वाचतात आणि खूष होतात. खालच्या ओळींना कोणी विचारत नाही. महादेवच्या रिपोर्टमध्ये दुसरी ओळ होती एचडीएलची, आणि आकडा होता ७६.

टोटल कोलेस्टेरॉल ही बेरीज असते. तिच्यात वाईट असतं तसं चांगलंही असतं. एलडीएल रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसतं. एचडीएल ते उचलून लिव्हरकडे परत नेतं. मी हिराबाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं, “लिलाव झाल्यावर धक्क्यावर कचरा किती पडला एवढंच बघू नका. तो उचलायला माणसं किती आहेत, तेही बघा. याच्याकडे माणसं भरपूर आहेत.”

म्हणून आम्ही एक साधा भागाकार करतो. टोटलला एचडीएलने भागायचं. उत्तर साडेतीनच्या आत असेल तर बरं. पाचाच्या वर गेलं की डॉक्टरने खुर्चीत सरळ बसायचं. हल्ली आम्ही एलडीएलच्या आकड्यावर जास्त भर देतो आणि वय, बीपी, शुगर, तंबाखू हे सगळं धरूनच धोका ठरवतो. पण पटकन अंदाज घ्यायला हा भागाकार अजून उपयोगी पडतो. महादेवचा आला तीनच्या आत. एलडीएल जरासं वर होतं, पण बीपी उत्तम, शुगर नाही, विडी कधी ओढली नाही.

“मग याना जाऊंदे?” हिराबाईंचा विश्वास बसेना.

“खुशाल जाऊ दे. सहा महिन्यांनी परत रक्त तपासू.”

तेवढ्यात दामूने शर्टाच्या खिशातून आपला रिपोर्ट काढला. त्याला शाबासकी हवी होती. “माजा पन बघा ना मॅडम. सगला नॉर्मल. एक तर लो पन आलाय!”

मी बघितलं. टोटल १८६. हिराबाईंनी तेवढंच वाचून त्याच्या हातात बोट दिली होती. खाली एचडीएल २९, आणि त्याच्यापुढे ‘Low’. हाय वाईट, मग लो चांगलं, असा सरळ हिशोब घरात झाला होता. पण एचडीएल हा असला आकडा आहे की तो कमी आला तर काळजी करायची. त्याच्याही खाली ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली आणखी एक चरबी, २५०, तिथे ‘High’. तिथपर्यंत तर कोणी पोचलंच नव्हतं. मी भागाकार केला. सहाच्या वर.

खुर्चीत सरळ बसले.

“दामू, विड्या किती?”

“एक बंडल. कदी जास्ती.”

“वडील कशाने गेले?”

उत्तर महादेवने दिलं. “बोटीवरच गेला बाबा. जालं वढता वढता. दामूच्या आताच्या वयाचा पन नवता.”

“दामू, छातीत कधी दुखतं?”

“नाय ओ. ॲसिडिटी व्हते कदी. सोडा पिला का जातं.”

“जेवल्यावर होते?”

“नाय...” तो अडखळला. “काम करताना.”

महादेव वळून त्याच्याकडे बघायला लागला. “म्हनून तू सुकानूवर बसतंस काय रं?”

मला अर्थ लागेना, तेव्हा महादेवनेच सांगितलं. त्यांच्या बोटीवर जाळं ओढायला दामू कायम सगळ्यांत पुढे असायचा. अंगात रेड्यासारखी ताकद. पण गेल्या मोसमापासून जाळं ओढायची वेळ झाली की तो सुकाणू धरून बसायचा आणि तांडेल असलेल्या भावाला दोर ओढायला पाठवायचा. खलाशी हसायचे. महादेव त्याला ‘दामूशेठ’ म्हणायला लागला होता.

दामूने मान खाली घातली. “छातीत आवलतं, दादा. जरा बसलं का जातं.”

आता हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. श्रम केले की आवळतं आणि बसलं की थांबतं, याला आम्ही अँजायना म्हणतो. हृदयाला रक्त नेणारी वाट अरुंद झाली की असं होतं. सोडा पिऊन बरं वाटतं, कारण सोडा प्यायला माणूस बसतो. नुसत्या भागाकारावरून कोणाला ब्लॉकेज आहे असं कळत नाही. पण त्या भागाकारामुळे मी हे प्रश्न विचारले.

मी ताबडतोब ईसीजी काढला. नॉर्मल आला.

“हां, बघा!” हिराबाईंनी हात जोडले. “देव पावला!”

“देवाला जरा थांबू द्या,” मी म्हटलं. “बोट धक्क्याला बांधून इंजिन चालवलं तर ते बरंच वाजणार. हा आत्ता आडवा पडलाय, जाळं ओढत नाहीये. याला पनवेलला हार्टच्या डॉक्टरांकडे न्यायचं. उद्याच.”

दामू उठून बसला. “उद्या? मॅडम, खलाशी येऊन बसलेत. बर्फ सांगितलाय. एक फेरी मारून येतो, मग तुमी बोलाल तितं येतो.”

“आणि भर समुद्रात दुखलं तर? मी पोहत येऊ का इंजेक्शन घेऊन?”

तो हसला. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकोमुलांची नावं घेतली, बापाचं नाव घेतलं. उपयोग शून्य. अशा वेळी डॉक्टरच्या हातात काय असतं? चिठ्ठी लिहायची आणि घसा कोरडा करायचा.

ती चिठ्ठी महादेवने उचलून खिशात घातली. तो म्हणाला, “बोट जानार नाय.”

“दादा?”

“तू पनवेलला जाऊन येत नायस तवर बोट हलनार नाय. तू नाय, मी पन नाय.”

“आरं, नारल सोडला का सगल्यांच्या बोटी जातील. आपली येकटी ऱ्हाईल किनाऱ्याला. लोक काय बोलतील?”

“बोलूंदेत.”

हे वाटतं तेवढं सोपं नाही. मोसमाच्या पहिल्या दिवशी बोट किनाऱ्यावर राहिली तर सगळा कोळीवाडा विचारायला येतो, आणि येतो तो अपशकुनाच्या गोष्टी घेऊनच. मला वाटलं, हिराबाई आता भडकणार. त्या उठल्या आणि दिराला म्हणाल्या, “चल घरी. कपडे भर.”

मी गोळ्या सुरू केल्या. जिभेखाली ठेवायची गोळी कशी घ्यायची ते तिघांकडूनही वदवून घेतलं, वाटेत दुखलं तर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायला सांगितलं, आणि पनवेलच्या माझ्या कार्डिओलॉजिस्ट मित्राला फोन केला.

दुसऱ्या दिवशी ओपीडीत माझं लक्ष नव्हतं. एका पेशंटचं बीपी दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा विसरले. दुपारी फोन वाजला.

“तुझा कोळी,” मित्र म्हणाला. “ट्रेडमिलवर थोडा चालला आणि ईसीजी बिघडला. लगेच थांबवलं, अँजिओग्राफी केली. समोरची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती.”

“होती म्हणजे?”

“होती म्हणजे होती. स्टेंट टाकला. आता चहा मागतोय.”

जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि मला चक्क रडू आलं. बाहेर बसलेल्या पेशंटना वाटलं, डॉक्टरच्या घरी कोणीतरी गेलं. मी बाहेर येऊन सांगितलं, कोणी गेलं नाही हो, एक जण राहिला.

पुढे दोघे भाऊ तपासणीला आले. दामूची विडी सुटली होती, आणि त्यामुळे तो सगळ्यांवर खेकसत होता. महादेव दामूशिवाय बोट नेऊन परत आला होता. तो म्हणाला, “मॅडम, वर्सभर मी याला शेठ शेठ करून चिडवला. याचा जीव जात व्हता, आन मी हसत व्हतो.”

दामू म्हणाला, “दादा, तू हसत व्हतास म्हनून मी बसून ऱ्हायलो. येकदा जरी रागावून ऊठ बोलला असतास ना, तर उठून जालं वढला असता मी.”

मी दामूचं बीपी घेतलं. उत्तम होतं.

सांगायचं एवढंच. रिपोर्ट आला की खालच्या ओळीपर्यंत वाचा, आणि भागाकार येत नसेल तर ज्याला येतो त्याला दाखवा. आणि घरातलं राबणारं माणूस एकाएकी बसून काम करायला लागलं, तर आधी त्याला विचारा, कुठे दुखतंय का. हे कुठल्याच लॅबच्या रिपोर्टमध्ये येत नाही.