तेसीच्या लाउंजमध्ये आईचं नाव

नागपूरच्या विमानतळावर मुंबईचं विमान फार उशिरा आलं आणि तोवर आमचं बोलणं संपून गेलं होतं. आई माझ्या बॅगेवरची चिकटपट्टी पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. आत तिखट होतं, सांडगे होते. बाबा पंख्याखाली खुर्ची मिळते का ते बघत फिरत होते. शेवटी आत जायची वेळ झाली तेव्हा आई म्हणाली, "जा बाई आता एकदाची." कुणी रडलं नाही. सगळे दमले होते. आईशी समोरासमोर झालेलं ते शेवटचं बोलणं. पुढे दोन वर्षं फोनवर बोललो, पण फोनवर ती नेहमी घाईत असायची, बिल वाढेल म्हणून.

मी इंग्लंडात ब्रॅकनेलला सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर आले. खोली मिळाली ती तीन फिलिपिनो नर्सेसच्या घरात. त्यातली मोठी तेसी, पन्नाशीची. धाकट्या दोघी तिला 'आते' म्हणून हाक मारायच्या, म्हणून पहिला आठवडाभर मी तिला त्यांची आत्या समजत होते. त्यांच्याकडे मोठ्या बहिणीला आते म्हणतात हे मागाहून कळलं. मग मीही आतेच म्हणू लागले.

आपली ऑफिसातली मराठी मंडळी शनिवारी वेम्बलीला जाऊन कोथिंबीर आणि गोडा मसाला आणायची, गणपतीला शाळेचा हॉल भाड्याने घ्यायची. तेसीला हॉल लागत नसे. ज्याची शिफ्ट संपेल तो आमच्या लाउंजमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत यायचा, दारात बूट काढायचा, थेट राइस कुकरचं झाकण उघडून बघायचा. रविवारी कराओके. शेजारचा म्हातारा इंग्रज भिंतीवर थापा मारायचा, मग तेसी त्याला ताटलीभर लुंपिया, म्हणजे आपल्या स्प्रिंग रोलसारखं काहीतरी, नेऊन द्यायची.

तेसी आधी सौदीत होती. तिथे ख्रिस्ती प्रार्थना करायची तर पडदे ओढून, टीव्हीचा आवाज वाढवून, कुजबुजत. तिची बहीण हाँगकाँगला घरकामाला होती. मालकाच्या घरात तिला स्वतःचा कोपरा नव्हता, म्हणून रविवारी सगळ्या जणी फूटपाथवर पुठ्ठे अंथरून बसायच्या, डबे उघडायच्या, एकमेकींचे केस विंचरायच्या. "इथे खिडकी उघडी ठेवून प्रार्थना म्हणता येते," तेसी म्हणायची. "फक्त थंडी आत येते."

आई गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. हार्ट अटॅक. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला गेलेला होता. तो परत मागवला तर अर्जच रद्द होणार होता. बाबांनी फोन घेतला आणि म्हणाले, "येऊ नको बाई. तू येईस्तोवर सगळं आटपलेलं असेल." मी "बरं" म्हटलं आणि ऑफिसला गेले. दिवसभर काम केलं. लंचला सँडविच खाल्लं. कुणाला सांगितलं नाही, कारण कसं सांगतात ते सुचेना.

संध्याकाळी घरी येऊन कार्पेट झाडायचा हूवर काढला. माझी पाळी नव्हती. तेसीने माझ्याकडे पाहिलं आणि काय झालं विचारलं. मी सांगितलं. तिने प्लग काढून घेतला.

"नऊ दिवस झाडायचं नाही."

"ते तुमच्यात. आम्ही हिंदू आहोत, आते."

"मग तुमच्यात काय करतात?"

मी म्हटलं, आमच्यात घरात चूल पेटवत नाहीत. शेजारीपाजारी जेवण आणतात.

तिने हूवरची वायर गुंडाळली. "बरं. तू किचनमध्ये यायचं नाही. आम्ही शेजारी."

तिकडे भाऊ दहावं-तेरावं करत होता. इकडे लाउंजमध्ये रोज संध्याकाळी माणसं जमत होती. त्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतही नव्हते. कुणी युनिफॉर्मवरच आलेलं, कुणाच्या कडेवर मूल. टीव्हीवर आईचा फोटो टेकवलेला, पुढे मेणबत्ती. त्यांच्या भाषेत ते जपमाळ ओढायचे आणि मधेमधे आईचं नाव यायचं. सुसीला. मी गुडघे जवळ घेऊन कार्पेटकडे बघत बसायचे. एकदा न राहवून मी म्हटलं, "सुशीला." सगळे थांबले. लहान मुलांसारखं सगळ्यांनी एकत्र म्हणून पाहिलं, सु-शी-ला. पुढच्याच ओळीला पुन्हा सुसीला झाली. मला रडू आलं नाही. भूक लागली होती. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी आईसाठी एक ताट वाढून बाजूला ठेवलं आणि मी दोन ताटल्या नूडल्स खाल्ल्या.

मागे राहिलेल्यांनो, आम्ही परक्यांत राहतो असं तुम्हाला वाटतं. खरंच आहे ते. पण त्या नऊ दिवसांत मला कुणी एकटं जेवू दिलं नाही.

पासपोर्ट आला तेव्हा उन्हाळा लागला होता. नागपूरला गेले. आईचं कपाट मावशीने रिकामं करून त्यात पांघरुणं ठेवली होती. "रडलीस का गं तिकडे?" मावशीने विचारलं. मी हो म्हटलं. बाबा आणि मी दुपारभर कूलरसमोर बसून राहायचो. ते पेपर वाचायचे. मी त्यांनी वाचून ठेवलेलं पान घ्यायचे.

निघायच्या आदल्या दिवशी तेसीचा फोन आला, मी पोचेन त्या दिवशी भात किती टाकू विचारायला. मी इंग्रजीत म्हटलं, "सोमवारी संध्याकाळी होम येतेय, आते. माझाही टाक." फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, बाबांनी पेपर खाली केला होता. पुन्हा पेपर वर धरला.

दुसऱ्या दिवशी रिक्षात बॅग त्यांनीच ठेवली. मी पाया पडले. रिक्षावाल्याला रस्ता सांगून झाल्यावर ते माझ्या बाजूला आले, आत वाकले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सोमवारी घरी पोचली का फोन करजो."