दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या कापल्या, आणि शिलाईचं दुकान चिडीचूप झालं.

जाड कापड एकेरी अंथरतात. एक बाही कापली की कागदी फर्मा उलटा करून दुसरी कापायची. मास्तर उलटायचंच विसरले. जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाने हे विसरावं!

मुलगा मशीनवरून उठला. "बाबा, कापड मी नवं आणतो. पण आता कटिंग माझ्याकडे द्या. वय झालं तुमचं." तो हळू आवाजात बोलला, म्हणूनच जास्त लागलं. कात्री गेली की मास्तरांना उरणार काय? खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "या, बसा" म्हणणं.

"हा एक कोट मला पुरा करू दे, मग बघू," ते म्हणाले.

गंमत म्हणजे डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांनाही बजावलं होतं: डोकं तल्लख ठेवायचं तर चाला, माणसांत मिसळा, काहीतरी नवं शिका. "माझं डोकं शाबूत आहे, हिचं बघा," मास्तर ऐटीत म्हणाले होते. बायकोने मुकाट्याने पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. आता ती रोज सकाळी पाण्यात हातपाय मारून टवटवीत होऊन येते, आणि शाबूत डोकं दोन डाव्या बाह्या कापतं.

जेवताना मास्तरांनी बोलून टाकलं, "मला भीती वाटतेय गं. डोकं दगा द्यायला लागलंय माझं."

"मी पोहायला गेले होते तेव्हा झालं ना हे?"

"हो."

"म्हणजे तुम्ही गप्प राहून कापत होतात."

खरंच की. एरवी ती समोर बसून काजं-बटणं करायची आणि मास्तर मोठ्याने सांगत कापायचे: "डावी झाली. फर्मा उलटला. आता उजवी." ती "हं" म्हणायची.

"म्हणजे माझी अक्कल तुझ्या 'हं'मध्ये होती? मग तुझं पोहणं बंद."

"बंदबिंद काही नाही. आणि खरं सांगू? मी कधी ऐकतच नव्हते. सुईत दोरा ओवताना कोण ऐकतं? तुम्हीच बोलत होतात, तुम्हीच ऐकत होतात."

इतकी वर्षं! मास्तर आधी चिडले, मग ठसका लागेपर्यंत हसले. तरी तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. तपासण्या झाल्या, वयाच्या मानाने सगळं ठीक निघालं.

नवं कापड आलं. बायको वर्गाला गेली होती. मास्तरांनी मोठ्याने सुरुवात केली, "डावी झाली."

मुलाने घाबरून मशीन थांबवलं. "बाबा, कुणाशी बोलताय?"

"शहाण्या माणसाशी. मध्ये बोलू नकोस. फर्मा उलटला. आता उजवी."

मुलाने दोन्ही बाह्या समोरासमोर धरून पाहिल्या. जोडी बरोबर जमली होती. त्याने कात्री उचलून वडिलांच्या हाताशी ठेवली आणि तो कामाला बसला.

ओल्या केसांची बायको आली, सुई घेऊन टेकली.

"उद्यापासून मीही येतो पोहायला," मास्तर म्हणाले.

"हं."

मग तिची सुई थांबली. "काय म्हणालात?"