पाटी पाचव्या घरी अडली

आमच्या डोंगराच्या पायथ्याला नऊ घरांची एक ओळ आहे. घरांमागे सफरचंदाच्या बागा, आणि बागांमागे दिवाळं निघाल्यासारखा उघडा डोंगर, ज्यावर नोव्हेंबरात पहिलं पांढरं दिसतं. या ओळीतलं पाचवं घर नारितांचं. किनुए त्या घरात सून म्हणून आली तेव्हा वीस वर्षांची होती.

ती बोलायला कमी, हाताला चपळ. तिला एकाच गोष्टीचा गर्व होता, फिरत्या पाटीचा. शाळेचं पत्रक, दवंडीच्या सूचना, लसीकरणाचे दिवस असं सगळं एका लाकडी पाटीला चिमट्यानं लावून घरोघर फिरायचं. ज्या घरी पाटी आली त्यानं तारीख घालायची, शिक्का मारायचा आणि पाटी पुढच्या दारात ठेवायची. कोणाकडे ती चार दिवस लोळायची, कोणाकडे लोणच्याच्या बरणीखाली सापडायची. किनुएकडे चहा निवेपर्यंतसुद्धा राहत नसे. एकोणीस वर्षांत एकदाही नाही.

"अगं, वाचतेस तरी का?" शेजारच्या तोमे आजी विचारायच्या.

"वाचायला काय असतं त्यात? पुढच्याला मिळायला हवं ना वेळेवर," किनुए म्हणायची आणि चालू लागायची.

चाळीस वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर. तिचा नवरा तेइजी शिडीवरून पडला, कंबर धरून अंथरुणाला खिळला. झाडांवर फळं लाल होऊन टांगलेली. रेडिओनं सांगितलं, बुधवारनंतर कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडणार. दहिवर लागलेल्या फळाचा गर पाणचट होतो, हे इथलं पोरही सांगेल.

मंगळवारी सकाळी किनुएनं मुलीची संपर्कवही उघडली. पालकांनी बाईंना काय कळवायचं ते या वहीत लिहायचं. मूल घरी राहिलं, तर त्याची वही शेजारच्या मुलांच्या टोळीबरोबर शाळेत जायची. किनुएनं लिहिलं, 'ताप आहे. घसा लाल. दोन दिवस विश्रांती.' आणि खाली शिक्का मारला.

चौथीतली चिनात्सू दाराआड उभी होती. "आई, माझं कपाळ गार आहे."

"गप बस. दोन दिवसांचं तर आहे."

"पण या वर्षी माझी एकही गैरहजेरी नव्हती."

टोळीची पुढारी मिसुझु, सहावीतली उंच मुलगी, दारात आली, वही घेतली आणि वाकून म्हणाली, "लवकर बरी हो म्हणून सांगा, काकू."

त्या दुपारी चिनात्सू फांदीखाली पेटी धरून उभी होती आणि किनुए वरून फळं खुडत होती. तेवढ्यात बांधावरून पावलं वाजली. आजारी मुलाचा शाळेच्या जेवणातला पाव आणि अभ्यास शेजारच्या मुलानं घरी पोचवायचा, ही तेव्हाची रीत. घरी कोणी दिसलं नाही, म्हणून मिसुझु बागेत आली होती. तिनं चिनात्सूकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. रुमालात बांधलेला पाव कुंपणाच्या खुंटीला अडकवला आणि परत फिरली.

तो पाव कोणी खाल्ला नाही.

फळं वाचली. गुरुवारी चिनात्सू शाळेत गेली. किनुएला वाटलं, संपलं.

शनिवारी तोमे आजी पाटी घेऊन हसत दारात आल्या. "घे बाई, तुझ्याकडे आली म्हणजे पोचलीच म्हणायची."

पाटीवर शाळेचं पत्रक होतं. कागद वाचवायला शाळा घरांच्या प्रत्येक ओळीला पत्रकाची एकच प्रत द्यायची. किनुए शिक्का काढत होती, आणि नजर एका चौकटीवर गेली. 'हजेरीविषयी पालकांना आठवण. तोडणीच्या दिवसांत काही मुलं ताप म्हणून घरी राहतात. घरी हात कमी पडतात हे शाळेला कळतं. जे कारण असेल तेच लिहा. खोटं कारण मुलांच्या हातून पाठवू नका.'

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चौकटीखाली चार शिक्के होते. चार घरांनी वाचलं होतं. तोमे आजी दारात हसल्या त्या कशावर हसल्या? मिसुझुनं सांगितलं असणार. मुख्याध्यापकांनी लिहिलं असणार. आता हा कागद तिनं स्वतःच्या हातानं पुढच्या चार घरांकडे पाठवायचा?

पत्रकातलं बाकीचं तिनं वाचलंच नाही. पाटी उचलली, कपाटाच्या खालच्या खणात घडीच्या चादरींखाली सरकवली आणि खण लावून टाकला. रविवारी दिवसभर ती त्या कपाटाकडे पाठ करून बसली.

सोमवारी संध्याकाळी चिनात्सू घरी आली. दप्तर न उतरवताच म्हणाली, "शिगे आजी आल्याच नाहीत."

"कुठे?"

"शाळेत! बर्फ लवकर येणार म्हणून त्यांचा वर्ग गुरुवारऐवजी आजच घेतला ना. आम्ही पेंढा भिजवून बसलो. सगळी शाळा मिळून एकवीस जण. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. पत्रकात तर लिहिलं होतं, म्हणाल्या."

शिगे आजी नवव्या घरात राहायच्या. वय एक्क्याऐंशी, मागे-पुढे कोणी नाही. वर्षातून एकदा शाळा त्यांना बोलवायची आणि त्या मुलांना पेंढ्याचे बूट विणायला शिकवायच्या. त्या एका दिवसासाठी त्या वर्षभर पेंढा निवडून ठेवायच्या.

किनुएच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. चिनात्सूनं आईचा चेहरा पाहिला, मग आईची नजर जिथे गेली ते कपाट पाहिलं. ती गेली, खण ओढला, चादर उचलली.

"आई," ती म्हणाली, "पाटीलाही ताप आला होता का?"

आतल्या खोलीत तेइजी कुशीवर वळला. त्यानंही ऐकलं होतं.

किनुएनं शिक्का काढला. तारखेच्या रकान्यात आजची तारीख घालता आली असती, पण वर तोमे आजींचा शनिवार होता. तिनं लिहिलं, 'शनिवारी आली. सोमवारी पुढे दिली.' आणि अंधार पडायच्या आत बाहेर पडली.

सहाव्या घरी हारुए वहिनी दारातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. किनुएनं वाकून पाटी पुढे केली. "माझ्याकडे राहिली. ती चौकट... ती माझ्यावरच आहे. चिनात्सूला ताप नव्हता."

हारुए वहिनींनी चौकट वाचली आणि त्यांना हसूच फुटलं. "अगं वेडे, हे दर नोव्हेंबरात छापतात! शब्दही बदलत नाहीत. माझा मोठा तिसरीत होता तेव्हापासून पाहते आहे. तू कधी वाचलंच नाहीस?"

नव्हतंच वाचलं. एकोणीस वर्षं तिनं पाटी फक्त पळवली होती.

वहिनींचा शिक्का घेऊन ती पाटीसकट पुढे निघाली, आणि त्यांचं हसणं तिच्या पाठीमागून सातव्या घरापर्यंत आलं. सातव्या घरी तिनं पुन्हा तेच सांगितलं, आठव्यालाही. प्रत्येक वेळी शब्द कमी झाले, मान जास्त खाली गेली.

शिगे आजींच्या ओसरीवर पेंढा ओळीनं मांडलेला होता. कुटून मऊ केलेला, लांबीप्रमाणे निवडलेला, एकवीस जुड्या. खुंटीला इस्त्री केलेला निळा अंगरखा.

"ये ये. गुरुवारची तयारी चालली आहे," आजी म्हणाल्या. "सहावीतल्या पोरांची पावलं मोठी असतात गं, त्यांना वेगळा पेंढा लागतो."

किनुए पायरीवरच गुडघे टेकून बसली. "आजी, तो वर्ग आज झाला. दिवस बदलला होता. पाटी मी लपवून ठेवली."

आजींचे हात एका जुडीवर थांबले.

"लपवलीस? का?"

किनुएनं सांगितलं. ताप, वही, बाग, चौकट.

"म्हणजे पोरं वाट बघत बसली?"

"हो."

"भिजवलेला पेंढा घेऊन?"

"हो, आजी."

शिगे आजींनी अंगरखा खुंटीवरून काढला, घडी घातली आणि मांडीवर ठेवला. "त्यांना वाटलं असेल, म्हातारी विसरली." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं किनुए पुढे कैक वर्षं म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संपर्कवहीत लिहिलं, 'गेल्या मंगळवारी आणि बुधवारी ताप नव्हता. तोडणीसाठी मी मुलीला घरी ठेवलं. शिगे आजी विसरल्या नाहीत. पाटी माझ्या घरी अडली होती.' मिसुझुनं वहीसाठी हात पुढे केला.

"नको," किनुए म्हणाली. "ही मी नेते."

मुलांची टोळी पुढे चालली आणि ती दहा पावलं मागे. शाळेच्या दारात तिनं वही बाईंना दिली. बाईंनी उभ्या उभ्या वाचली, हजेरीपटात दोन खुणा खोडून नव्या केल्या आणि एवढंच विचारलं, "आजी पुन्हा येतील का?"

"मी विचारते. पेंढा मी उचलून आणेन."

आजी आल्या, पण डिसेंबरात, गुडघाभर बर्फातून. किनुए पाठीवर जुड्या घेऊन मागे होती. वर्गात ती शेवटच्या भिंतीशी बसली. एका मुलानं विचारलं, "आजी, तेव्हा तुम्ही विसरलात ना?" शिगे आजी पेंढा वळत राहिल्या. किनुएला उठून सांगायचं होतं. पण ती जमिनीवरच्या पेंढ्याच्या काड्या उचलत राहिली. शेवटी चिनात्सूच म्हणाली, "नाही. पाटी आमच्या घरी होती."

त्यानंतर पाटी पाचव्या घरी सगळ्यात जास्त वेळ राहू लागली. किनुए चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची, मग शिक्का मारायची. आणि पाटी पुढच्या दारात ठेवण्याआधी नवव्या घरापर्यंत जाऊन शिगे आजींना वाचून दाखवून यायची.