मुंगसाचा माज

शेजारच्या प्लॉटमधल्या मुंगसाला माज आलाय, असं माझ्या आईचं ठाम मत होतं. पूर्वी कसं, रस्ता ओलांडताना थांबून मान वळवायचं. आता नुसती शेपटी दाखवतंय आणि चालतंय. "नगरचं हाय ना," ती म्हणायची. "आमच्या मिरजगावचं आसं न्हवतं."

मिरजगावकडची मुंगसं किती सभ्य होती, हे मी जन्मापासून ऐकत आलेय. महत्त्वाच्या कामाला निघताना मुंगूस दिसलं की काम फत्ते. पण नुसतं दिसून भागत नाही, त्याचं तोंड दिसावं लागतं. त्यासाठी त्याला रामाची शपथ घालायची आणि तोंड दाखव म्हणायचं. लहानपणी आम्ही सगळ्या पोरांनी हे केलंय. मोठेपणी माणसं सोडून देतात, आईनं सोडलं नाही. माझा दहावीचा निकाल, माझं लग्न, विहिरीला लागलेलं पाणी, सगळं मुंगसाच्या तोंडामुळे. मी रात्रंदिवस केलेला अभ्यास वगैरे किरकोळ.

माझे वडील, आण्णा, गेल्यावर ती नगरला सावेडीत माझ्याकडे राहायला आली. आमचं घर कॉलनीच्या टोकाला, आणि पलीकडे हा रिकामा प्लॉट. मालक पुण्यात. प्लॉटवर वेड्या बाभळी, गाजर गवत आणि कॉलनीतल्या झाडून साऱ्या बांधकामांचा राडारोडा. 'येथे कचरा टाकू नये' हा बोर्डसुद्धा कचऱ्यातच आडवा पडलेला. या महालात मुंगूस राहायचं. शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांनी हौसेनं गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. मुंगूस त्यांची अंडी पळवायचं, त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीकडे पाठ करायचं आणि मागच्या पायांमधून अंडं भिंतीवर आपटून फोडायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय मी. हेडमास्तर तेव्हा ज्या शिव्या द्यायचे, त्या त्यांनी शाळेत कधी दिल्या नसाव्यात. दिल्याही असतील, काय सांगावं.

आईचा एक डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. चहात मीठ पडायला लागलं. दोरीवर वाळत घातलेल्या जावयाच्या शर्टाला तिनं कुत्रं समजून हाडहाड केलं, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू पार पिकलाय, ते म्हणाले, आणखी लांबवलंत तर हाही डोळा हातचा जाईल. मी लगेच तारीख घेतली.

ठरल्या दिवशी रिक्षा दारात आली आणि आई फाटकाला धरून उभी राहिली. मुंगूस दिसल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. नशीब बघा, मुंगूस आलं. भिंतीवर चढलं, आमच्याकडे चांगलं टक लावून बघितलं आणि उतरून गेलं. मी आनंदानं रिक्षाचं दार उघडलं, तर आई म्हणाली की मेल्यानं पाठच दाखवली. रिक्षा परत गेली. पुढच्या तारखेलाही तेच झालं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुंगूस बिचारं तोंड दाखवत होतं, आईला ते दिसत नव्हतं. ते दिसायला ऑपरेशन हवं, आणि ऑपरेशनला जायला ते दिसायला हवं. मी कपाळावर हात मारून घेतला.

हे तिला समजावून सांगायला गेले, तर आपलेच डोळे वाईट आणि ते मुंगूस तेवढं साळसूद का, म्हणून माझ्यावरच उलटली. इकडे दवाखान्यात फोन करून खरं कारण सांगितलं, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, मॅडम, आता तारीख मुंगसालाच विचारून कळवा. हसत होती भवानी.

मग मी लबाडी केली. पुढच्या तारखेला भिंतीवर हेडमास्तरांचं मांजर बसलं होतं, तेच दाखवून म्हटलं, ते बघ मुंगूस, बघतंय आपल्याकडे. आई हात जोडायला लागली आणि त्याच क्षणी ते मांजर ओरडलं. इतकं स्वच्छ म्याव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. आई आत गेली आणि रिक्षा पुन्हा परत गेली.

संध्याकाळी माझा तोल गेला. डोळा गेल्यावर तुझा हात धरून चालवायला मुंगूस येणार आहे का, असं काय काय बोलले मी. ती चवळीच्या शेंगा चाचपून निवडत होती. निवडता निवडता शांतपणे म्हणाली, "तुझ्या आण्णांला दवाखान्यात न्हेलं, तवा घाईघाईत बघितलं न्हाई मी."

आण्णा त्या दवाखान्यातून परत आले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. तिचा राग येत होता, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. ही बाई अशीच फाटकाशी उभी राहून आंधळी होईल आणि मी शेजारी उभी राहून बघत बसेन, असं वाटत होतं.

पुढची तारीख देताना डॉक्टरांनी बजावलं होतं की आता आणखी थांबू नका. त्या दिवशी सकाळी रिक्षा आली. आई फाटकाशी. आणि मुंगूस आलं. भिंतीवर मागच्या दोन पायांवर उभंच राहिलं, पुढचे पाय छातीशी धरून, तांबड्या डोळ्यांनी थेट आईकडे बघत. याहून जास्त तोंड कुठलं मुंगूस दाखवणार होतं? आई दोन हात डावीकडे बघत होती, पाण्याच्या टाकीकडे. मी म्हटलं, आई, ते बघ, शपथ. ती म्हणाली, मांजराच्या वेळीपण हेच म्हणाली होतीस.

मग मला काय झालं कोणास ठाऊक. पन्नाशीची बाई मी, कॉलेजात शास्त्र शिकवते, अंगात गाऊन आणि वर ओढणी. मी फाटकाबाहेर गेले आणि बोंबलायला लागले. अरे मुंगसा, तुला रामाची शपथ आहे, माझ्या आईला तोंड दाखव. पुन्हा पुन्हा तेच. हेडमास्तर तोंडात ब्रश धरून गॅलरीत आले. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. मुंगूस अर्थातच माझ्या पहिल्याच आरोळीला पळून गेलं होतं. भिंत रिकामी होती, मी मात्र थांबत नव्हते, आणि शेवटी शेवटी आवाज चिरकायला लागला.

"दिसलं," आई मागून म्हणाली. "चल."

आणि खरंच रिक्षात जाऊन बसली. मी चपला शोधत होते, तर मलाच लवकर चल म्हणाली.

ऑपरेशन छान झालं. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. काही दिवसांनी आम्ही दोघी गॅलरीत चहा पीत बसलो होतो, तेव्हा मुंगूस हेडमास्तरांचं अंडं घेऊन भिंतीपाशी आलं. आईनं चष्मा वर करून त्याला नीट न्याहाळलं. नाक टोकदार हाय, म्हणाली, आमच्याकडच्यावानीच हाय की. नगरच्या मुंगसाला तिनं तिथल्या तिथे माफ केलं. मी म्हटलं, मग, त्या दिवशी दिसलं तेव्हा कसं होतं?

तिनं बशीतला चहा संपवला.

"त्या दिशी कुठं काय दिसलं हुतं मला," ती म्हणाली. "तुझा आवाज आयकला. लई भ्याली हुतीस. म्हनलं, पोरीला जरा दवाखान्यात घिऊन जावं."